विरारला वीज बदलायची, इंजिन नाही

3 फेब्रुवारी 2025 रोजी भारतातल्या विजेवरच्या रेल्वेला शंभर वर्षं झाली. 1925 साली त्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली. त्या इतिहासाबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य भेटतंच: 'तेव्हा 1500 व्होल्ट डीसी होतं, आता 25,000 व्होल्ट एसी आहे.' वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. पण या दोन आकड्यांमध्ये ऐंशी-नव्वद वर्षं गेली. त्यातली चाळीसेक वर्षं मुंबईच्या लांब पल्ल्याच्या गाड्या मोठ्या प्रमाणावर सांभाळल्या त्या एका वेगळ्याच इंजिनांच्या घराण्याने. ही इंजिनं दोन्ही विजांवर चालत. देशात दुसरीकडे कुठे त्यांची गरज पडली नाही, म्हणून मुंबई, पुणे, नाशिक आणि गुजरातकडचे प्रवासी सोडले तर ती फारशी कुणाच्या ओळखीचीही नाहीत.

आधी एक खुलासा. या लेखात एसी म्हणजे वातानुकूलित नव्हे. एसी लोकलचा इथे संबंध नाही. एसी म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणारी वीज, जी आपल्या घरात येते. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, बॅटरीतून मिळते तशी.

इंजिनांची नावं एकदा समजून घेऊ, मग ती बोचणार नाहीत. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी. त्यापुढचं पी प्रवासी गाड्यांचं, जी मालगाड्यांचं, एम दोन्ही कामांचं. म्हणजे डब्ल्यूसीएएम हे ब्रॉडगेजवर डीसी आणि एसी दोन्ही चालणारं, सगळ्या कामांचं इंजिन. यापुढे मी त्याला नुसतं 'कॅम' म्हणेन. बोलताना बरेच रेल्वेवेडे तेच म्हणतात.

## नाणी आणि नोटा

इंजिनाला लागते शक्ती. ती व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार असते. व्होल्टेज कमी असेल तर तेवढीच शक्ती द्यायला करंट वाढवावा लागतो. एखादी मोठी रक्कम सुट्या नाण्यांत न्यायची की नोटांत, असा हा प्रश्न आहे. रक्कम तीच, पण नाण्यांची गोणी उचलायला चार माणसं लागतात आणि नोटा खिशात मावतात.

आता खरे आकडे घेऊ. 5,000 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा त्याला सुमारे 3,700 किलोवॉट लागतात. 1500 व्होल्टच्या तारेतून ते घ्यायचे तर करंट होतो जवळजवळ 2,500 अँपिअर. 25,000 व्होल्टच्या तारेतून घ्यायचे तर फक्त दीडशेच्या आसपास. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट सतरापट कमी झाला की तेवढ्याच जाडीच्या तारेतला तोटा पावणेतीनशेपट कमी होतो. म्हणून डीसीच्या तारा जाडजूड असत आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागे. एसीत तार बारीक चालते आणि दोन सबस्टेशनमध्ये चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर राहू शकतं.

नोटांची एक अडचण असते, त्या मोडून घ्याव्या लागतात. इंजिनाच्या मोटरला 25,000 व्होल्ट झेपत नाहीत. ते उतरवायचं काम ट्रान्सफॉर्मर करतो, आणि ट्रान्सफॉर्मर चालतो फक्त एसीवर. डीसीला त्या काळी असं सोपं मोडून घेता येत नव्हतं. मोटरला झेपेल तेवढंच व्होल्टेज तारेत ठेवायचं, एवढाच मार्ग होता.

## मग 1925 सालीच एसी का नाही घेतलं?

हा आक्षेप बरोबर वाटतो, पण तेव्हाच्या इंजिनिअरांवर अन्याय करणारा आहे. त्या काळात रेल्वेला लागणारी दणकट मोटर डीसीवर चालायची. एसीची डीसी करणारं यंत्र एवढं बोजड आणि नाजूक होतं की ते धावत्या इंजिनात बसवणं व्यवहार्य नव्हतं. शहरातल्या सर्वसाधारण एसी विजेवर रेल्वे चालवायची वाट फ्रान्सच्या रेल्वेने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मोकळी केली. भारताने 1957 मध्ये, फ्रेंच रेल्वेच्याच सल्ल्याने, 25,000 व्होल्ट एसी हे देशाचं मानक ठरवलं.

तोवर मुंबईचं जाळं विणून झालं होतं. घाट चढून तार 1929 मध्ये पुण्याला पोहोचली, 1930 मध्ये इगतपुरीला. पश्चिमेकडे 1928 मध्ये बोरिवली, 1936 मध्ये विरार. ठाकुर्लीला खाडीकाठी रेल्वेचं स्वतःचं चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. दख्खनची राणी 1 जून 1930 ला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. मालगाड्यांसाठी स्विस आराखड्याचं, दोन्हीकडे लांब नाक असलेलं, चाकांना बाहेरून दांडे जोडलेलं इंजिन आलं. घाटातल्या लोकांनी त्याला 'खेकडा' म्हटलं. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात त्यातलं एक आजही उभं आहे. मुलांना घेऊन गेलात तर ते दांडे जरूर बघा.

आणि चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन, ज्याला 14 ऑक्टोबर 1961 रोजी पंडित नेहरूंनी हिरवा झेंडा दाखवला, तेही 1500 व्होल्ट डीसीचंच होतं, म्हणजे मुंबईसाठीचं. त्याचं नाव 'लोकमान्य'.

मद्रासचा छोटा डीसी मार्ग आणि हावड्याकडचा 3000 व्होल्टचा मार्ग 1960 च्या दशकात एसी झाले. मुंबईचं जाळं मोठं, गर्दी अफाट, बंद ठेवायला वेळ नाही. ते राहिलं. त्यामुळे नवं एसी देशभरातून मुंबईकडे सरकत आलं आणि दोन ठिकाणी येऊन थबकलं: इगतपुरी आणि विरार.

## एकाच रोगाला दोन औषधं

इगतपुरीला तोडगा सरळ होता. कसाऱ्याहून थळ घाट चढताना गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागत. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ते बँकर सोडायला गाडी इगतपुरीला थांबायचीच. त्याच थांब्यात डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचं. यार्डातल्या काही तारांमध्ये गरजेप्रमाणे एसी किंवा डीसी सोडायची सोय होती.

विरारला हे जमणारं नव्हतं. तिथे लांब पल्ल्याच्या गाडीने थांबायला दुसरं काहीही कारण नव्हतं. इंजिन काढायचं, दुसरं आणायचं, जोडायचं, ब्रेक तपासायचे, यात किमान पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ लोकलच्या शेवटच्या स्टेशनात एक रूळ अडतो. दिवसाच्या सगळ्या गाड्यांना हे करत बसणं म्हणजे उपनगरी वाहतुकीचा गळा आवळणं. म्हणून पश्चिम रेल्वेसाठी ठरलं की इंजिन बदलायचं नाही, इंजिनानेच वीज बदलायची. 1975 पासून चित्तरंजनहून कॅम-1 येऊ लागली. पन्नासहून अधिक बनली आणि वलसाडच्या शेडला राहिली.

## एका छपराखाली दोन यंत्रणा

कॅम-1 दिसायला आणि हाडापेराने त्या काळच्या एसी इंजिनाची, डब्ल्यूएएम-4 ची, बहीणच. मोटरही त्याच जातीची. पण पोटात दोन वेगवेगळ्या वाटा.

एसीखाली वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. तिथे टॅप चेंजर नावाचा 32 पायऱ्यांचा स्विच असतो. लोको पायलट एकेक पायरी वर गेला की मोटरला थोडं जास्त व्होल्टेज मिळतं. मग रेक्टिफायर तिची डीसी करतो आणि ती मोटरला जाते. डीसीखाली ट्रान्सफॉर्मर बाजूला राहतो. वीज मोठमोठ्या रोधकांमधून, म्हणजे तापून वीज खाणाऱ्या जाळ्यांमधून, मोटरपर्यंत जाते. वेग वाढेल तसे रोधक एकेक करून वगळायचे आणि मोटरींची जोडणी बदलायची. एका मोटरला साधारण 750 व्होल्ट लागतात, म्हणून 1500 व्होल्टवर कमीत कमी दोन मोटरी एकामागे एक जोडाव्याच लागतात.

छपरावर पेंटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारे सांगाडे, दोन: एक एसीचा, एक डीसीचा. जड डीसी तारेतून हजारो अँपिअर ओढायचा पेंटोग्राफ वेगळा, बारीक एसी तारेचा वेगळा. आत पंखे, कॉम्प्रेसर, बॅटरीचं चार्जिंग, या सगळ्यालाही दोन्हीकडून वीज मिळायची तजवीज करावी लागे. मोटर सगळ्यांना दिसते, पण शेडमधल्या माणसांचं डोकं असल्या किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीच खातात.

## वैतरण्याच्या आधीचा तो तुकडा

विरार आणि वैतरणा यांच्यामध्ये तारेचा एक तुकडा मृत असे. त्यात ना एसी, ना डीसी. याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तो नसता तर पेंटोग्राफ एकाच वेळी दोन्ही तारांना टेकून दोन विजा एकमेकींत मिसळल्या असत्या.

रुळांकडेला पाट्या असत. पाटी दिसली की लोको पायलटने जोर शून्यावर आणायचा, मुख्य ब्रेकर उघडायचा (रेल्वेत याला 'डीजे' म्हणतात; वरातीशी संबंध नाही), पेंटोग्राफ उतरवायचा. गाडी आपल्याच वेगावर मृत तुकड्यातून घरंगळत जाते. तेवढ्यात आतला स्विच दुसऱ्या विजेकडे फिरवायचा, पलीकडे पोहोचल्यावर दुसरा पेंटोग्राफ चढवायचा, तारेत अपेक्षित वीज आहे याची खात्री करायची आणि ब्रेकर मिटायचा.

चुकलं तर? डीसीच्या जोडणीत 25,000 व्होल्ट शिरले तर काय होईल ते सांगायला नको. उलट चूकही तितकीच वाईट. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी एसीला स्वतःच अडवते, कारण दिशा बदलत राहणाऱ्या विजेविरुद्ध तिच्यात उलटा दाब तयार होतो. डीसीविरुद्ध तो होत नाही. ती वीज नुसत्या तांब्याच्या तारेतून जावी तशी धो-धो वाहते आणि गुंडाळी जळते. म्हणून चुकीची वीज ओळखून ब्रेकर पाडणारं संरक्षण या इंजिनांत अत्यावश्यक असतं.

आणखी एक गोष्ट यातून कळते. घरंगळत जायला गाडीला वेग हवा. असा मृत तुकडा 37 ला 1 च्या घाटात ठेवला, तर जड गाडी तिथेच अडकायची. वीज बदलायची ती घाटाच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी, मध्ये नाही.

## 'दोन्ही येतं म्हणजे एकही धड येत नाही'

कॅम-1 बद्दल हा आक्षेप खरा होता. एसीवर तिची ताकद 3,640 अश्वशक्ती, डीसीवर 2,930. विरारच्या अलीकडे तीच गाडी ओढताना ती दमायची, आणि शिवाय सगळा काळ ट्रान्सफॉर्मरचं टनांचं ओझं फुकट वाहायची. पण तिची तुलना करायची ती निव्वळ डीसी इंजिनाशी नाही, तर विरारला थांबून इंजिन बदलण्याशी. त्या तुलनेत ती सहज जिंकते. माझ्या मते या घराण्याकडे विजेचं कौतुक म्हणून बघूच नये. रेल्वेने त्यातून वेळ विकत घेतला: मुंबईच्या तारा बदलण्याचं अवघड काम आणखी चार दशकं पुढे ढकलता येईल एवढा.

1995 नंतर भेलच्या झाशीच्या कारखान्यातून कॅम-2 आली. फक्त 20 बनली. एसीवर 4,700 च्या आसपास अश्वशक्ती, डीसीवर 3,800 च्या जवळ. दोन विजांमधली दरी तरीही राहिलीच.

ती भरून काढली कॅम-3 ने, आणि ती आली मध्य रेल्वेसाठी, कल्याण शेडला. मध्य रेल्वेने वीस वर्षं थांबण्याचं कारण असं: मुंबई–पुणे पूर्ण डीसी, इगतपुरीला गाडी थांबतेच, मग दुहेरी इंजिन कशाला? पण 1990 च्या दशकात जुनी डीसी इंजिनं म्हातारी झाली. नवी निव्वळ डीसी घ्यावीत तर दहा-पंधरा वर्षांत डीसीच जाणार. चित्तरंजनने 1996 मध्ये निव्वळ डीसीची दोन इंजिनं करून पाहिली, डब्ल्यूसीएम-6. ती वाट तिथेच संपली. आज डीसीवर जोरात चालेल आणि उद्या तारा बदलल्या तरी भंगारात जाणार नाही असं इंजिन हवं होतं.

कॅम-3 1997-98 मध्ये आली, पन्नासहून अधिक. मोटर हिताची आराखड्याची, त्या काळच्या दणकट मालगाडी इंजिनात, डब्ल्यूएजी-7 मध्ये असते तीच. एसीवर 5,000 अश्वशक्ती, डीसीवर 4,600. दरी जवळजवळ बुजली. वजन सुमारे 121 टन, आणि घाटात ते वजन उपयोगाचंच असतं, कारण चाक घसरू नये म्हणून रुळावर भार हवा. वेग मात्र ताशी 105 किलोमीटरपर्यंतच. पुण्याच्या वळणावळणांच्या मार्गाला तो पुरेसा होता. तिची मालवाहू धाकटी बहीण डब्ल्यूसीएजी-1, फक्त 12.

बोरघाटात कर्जतला गाडी थांबते ती वड्यासाठी नाही, मागे बँकर लावण्यासाठी. तिथे मागे जोडलेली आणि पुढे गाडी ओढणारी, दोन्ही टोकांची इंजिनं बरीच वर्षं याच घराण्यातली असत. मागून धक्का बसून गाडी हलली की खिडकीतल्या माणसाला ते न सांगता कळायचं.

## मुंबई एका रात्रीत का नाही बदलली?

तारेत 25,000 व्होल्ट सोडणं हे त्या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात छोटं पाऊल. त्याआधी जुन्या पुलांखाली तारेपासून पुरेसं अंतर मिळवायचं होतं, कारण उच्च दाबाची वीज हवेतूनही उडी मारते. कुठे रूळ खाली घ्यायचे, कुठे पूल वर. सिग्नलचीही तीच गत. रुळावर गाडी आहे की नाही हे रुळांतूनच बारीक वीज सोडून ओळखतात. डीसी मार्गावर त्यासाठी एसी वापरतात आणि एसी मार्गावर डीसी, म्हणजे इंजिनाच्या विजेशी गल्लत होत नाही. वरची वीज बदलायची तर खालची सगळी बदलायची. टेलिफोनच्या केबलींना होणारा त्रास वेगळाच.

आणि सगळ्यात मोठं धोंड म्हणजे लोकल. शेकडो डबे फक्त डीसीवर चालणारे. 2007 पासून दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आल्या तेव्हा कुठे कोंडी फुटली. कॅमने लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी केलं तेच या गाड्यांनी उपनगरासाठी केलं.

मग सीमा टप्प्याटप्प्याने मुंबईकडे सरकली. पश्चिम रेल्वेचं चर्चगेट–विरार काम फेब्रुवारी 2012 मध्ये पूर्ण झालं. मध्य रेल्वेवर एसी इगतपुरीहून घाट उतरलं, 2014 च्या जानेवारीत कल्याणहून कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत आलं, जून 2015 मध्ये सीएसएमटीला पोहोचलं. एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली, जिथून 1925 साली सुरुवात झाली होती तिथेच. सीमा अशी दर थोड्या वर्षांनी जागा बदलत असताना दुहेरी इंजिन हाताशी नसतं, तर प्रत्येक वेळी इंजिन बदलायचं नवं यार्ड उभारावं लागलं असतं.

## प्रवाशाला काय मिळालं?

तोवर देशात नव्या पिढीची इंजिनं आली होती. डब्ल्यूएपी-7 हे 6,000 हून अधिक अश्वशक्तीचं, ब्रेक लावताना मोटरचं जनरेटर करून वीज तारेत परत पाठवणारं. ते फक्त एसीवर चालतं. त्यामुळे बाकी देशात धावणारं इंजिन मुंबईच्या वेशीवर अडायचं. तारा बदलल्यावर ते सीएसएमटीपर्यंत येऊ लागलं. या इंजिनातून डब्यांच्या दिव्यांना आणि वातानुकूलनालाही वीज पुरवता येते. मग आवाज आणि धूर करणारा डिझेल जनरेटरचा डबा गाडीला जोडावा लागत नाही.

एक शंका नेहमी येते: आता सगळीकडे एसीच आहे, तरी मध्येच लोकलचे दिवे-पंखे क्षणभर का जातात? न्यूट्रल सेक्शन अजून आहेत म्हणून. शेजारच्या दोन सबस्टेशनना वीज वेगवेगळ्या फेजवरून मिळते, त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नसतात. वीज दोन्हीकडे एसीच, पण ताल वेगळा.

कॅम-1 मोडीत निघाली. कॅम-2 आणि कॅम-3 तारा बदलल्यावर निव्वळ एसी इंजिनं म्हणून कामाला लागली. डीसीखाली त्यांचं जे सामान धडपड करायचं ते मग नुसतं सोबत फिरत राहिलं. निव्वळ डीसीचं इंजिन घेतलं असतं तर 2015 ला ते पूर्णच निरुपयोगी झालं असतं.

## पुन्हा अशी इंजिनं लागतील का?

युरोपात ती रोज लागतात, कारण दक्षिण फ्रान्समध्ये 1500 व्होल्ट डीसी, इटलीत मुख्यतः 3000 आणि जर्मनीत वेगळ्याच तालाची 15,000 व्होल्ट एसी आहे. भारतीय रेल्वेत सगळीकडे एकच वीज असल्यामुळे आता गरज नाही.

मेट्रोत मात्र दोन विजा राहतातच. पुण्यात पहिल्या दोन मार्गिका वरच्या तारेतल्या 25,000 व्होल्ट एसीवर चालतात. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिका रुळालगतच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट डीसी घेणारी आहे. यांची गाडी त्यांच्या रुळावर जाऊ शकत नाही, आणि शहरी मेट्रोत त्याने काही अडतही नाही. न्यायालयाजवळच्या स्थानकात प्रवासी उतरतील आणि जिना चढून दुसऱ्या गाडीत बसतील.